दहाची दुर्बीण

दानम्मा पूजेला बसली होती. कपाळाला विभूती ओढून झाली होती, तळहातावर इष्टलिंग होतं, आणि तेवढ्यात वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी पोरगी पेपर घेऊन दारात आली. आजी, आमच्या सरांचा फोटो आलाय, आणि खाली तुमच्या मलप्पाचं नाव आहे, म्हणाली. पूजा अर्धी टाकून उठणारी बाई दानम्मा नव्हती. एकोणसत्तर वर्षांत असं एकदाच घडलं होतं, भूकंपाच्या सकाळी. आज दुसऱ्यांदा ती उठली.

फोटोत आलोक सर मेलेल्या रानडुकराशेजारी गुडघा टेकून बसले होते. हातात रायफल, रायफलीवर लांबलचक काळी दुर्बीण, चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीचं हसू. लातुरात हा चेहरा ओळखायला कुणाला नाव विचारावं लागत नसे. चौकाचौकातल्या फलकांवर तो होताच, भोवती गुणवत्ता यादीतल्या पोरांच्या फोटोंची माळ घालून. फोटोखाली छापलं होतं, ‘भौतिकशास्त्राच्या सरांचा अचूक नेम, तीनशे मीटरवरून रानडूक टिपले.’ आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी चार ओळी. त्याच सकाळी औसा तालुक्यातल्या करंजवाडीचा राखणदार मलप्पा याच्या गोळीनं गुरम्मा नावाच्या विधवेचा बैल मेला. मलप्पाच्या रायफलीवरची दुर्बीण फार जुनी असून भूकंपात ढिगाऱ्याखाली दबलेली होती, तिचा नेम हुकला असावा, असं सरांचं मत. दोन्ही रायफली पोलिसांनी ताब्यात घेतल्या असून सोमवारी वनखात्याची जागेवर पाहणी आहे.

दानम्मानं त्या चार ओळी दोनदा वाचल्या आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

रायफल तिची होती. लायसन तिच्या नावावर होतं आणि त्यावर राखणदार म्हणून मलप्पाचं नाव वीस वर्षांपासून लावलेलं होतं. दुर्बीण तिच्या नवऱ्याची होती. आणि बैल मेला होता गुरम्माचा, जिच्या घरात दुसरा कमावता जीव नव्हता. मलप्पाचा नेम चुकला म्हणून कुणी सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं, माणूस आहे, पासष्टी ओलांडलेली आहे. पण ती दुर्बीण हुकली म्हणणाऱ्यानं एक तर ती कधी डोळ्याला लावली नव्हती, किंवा तो खोटं बोलत होता.

तिच्या नवऱ्याचं, संगप्पाचं, बंदूक दुरुस्तीचं दुकान गंजगोलाईच्या एका फाट्यावर होतं. जिल्ह्यातल्या लायसनवाल्यांच्या झिजलेल्या कमानी, तुटलेले घोडे, तडकलेले लाकडी दस्ते त्याच्या हाताखालून जात. चौऱ्याऐंशी साली तो हैदराबादला गेला आणि एका निवृत्त फौजी साहेबाकडून ही दुर्बीण घेऊन आला. परदेशातल्या फौजेच्या नेमबाजांसाठी बनवलेली, ओतीव लोखंडासारखी जड, दहा पट मोठं दाखवणारी. फक्त दहा. नऊ नाही, अकरा नाही. दानम्मानं तेव्हा नाक मुरडलं होतं. तिला बंदुकीतलं कळत होतं. त्रेसष्ट साली, चीनच्या लढाईनंतर, नांदेडच्या कॉलेजात मुलींची एनसीसी निघाली तेव्हा देगलूरहून शिकायला आलेली ही लिंगायताची पोरगी गोदावरीच्या पलीकडच्या मैदानावर पोटावर झोपून रायफल चालवायला शिकली होती. तिच्या पाच गोळ्यांची भोकं एका रुपयाखाली झाकायची. तर तिनं संगप्पाला विचारलं की हैदराबादपर्यंत गेलात आणि जवळ-लांब करता येत नाही असली दुर्बीण कशाला आणली.

संगप्पा कमी बोलणारा. तिनं विचारलं ते त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “जिथं फिरवायला काही न्हाई, तिथं चुकायला काही न्हाई.”

त्याचा अर्थ तिला त्याच हिवाळ्यात कळला. दुर्बिणीच्या आत उभ्या-आडव्या दोन बारीक तारा होत्या आणि त्या तारांवर मोहरीएवढे काळे ठिपके, सारख्या अंतरावर. ठिपके शोभेला नव्हते, ती मोजपट्टी होती. समोरच्या जनावराची उंची माहीत असली की ते किती ठिपक्यांत बसतं ते मोजायचं, उंचीला तेवढ्यानं भागायचं, की अंतर हातात. वाढलेलं रानडूक खांद्यापाशी पाऊण मीटर, म्हणजे साडेसातशे मिलिमीटर. पाच ठिपके भरलं तर दीडशे मीटर, तीन भरलं तर अडीचशे. संगप्पानं ते एका पुठ्ठ्यावर लिहून दस्त्याला चिकटवलं. दोन-तीन वर्षांनी पुठ्ठ्याची गरज उरली नाही. रोज तेच दहा पट जग डोळ्यापुढं आलं की डोळा स्वतःच तराजू होतो. दानम्माला तर पुढंपुढं नुसत्या डोळ्यांनी एसटी येताना दिसली तरी ती दुर्बिणीत केवढी दिसेल ते आधी मनात यायचं.

मग त्र्याण्णव आलं. गणपती बसवले होते ते आदल्या दिवशी बुडवले, आणि संगप्पा राखणीच्या कामाला करंजवाडीला मलप्पाकडं मुक्कामी गेला तो परत आला नाही. माळवदाचं घर, दगड-मातीच्या भिंती, वर गावभरच्या घरांवर असते तशी हातभर माती. मलप्पानं स्वतःच्या हातांनी त्याला उकरून काढलं. त्याची नखं गेली होती. संगप्पाच्या अंगाखाली रायफल होती आणि रायफलीवर दुर्बीण. नळकांड्याला एक चर पडला होता, काच शाबूत होती.

बाराव्या दिवसानंतर दानम्मा ती रायफल घेऊन खाणीत गेली. मलप्पा सोबत होता, हाताला चिंध्या बांधलेला. तिनं शंभर मीटरवर पुठ्ठा लावला आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही संगप्पानं बसवल्या होत्या तिथंच गेल्या. तिला त्या काचेचा इतका संताप आला की ती दगडावर आपटून फोडावी असं वाटलं. माणूस चिरडला आणि हिचा केसभर नेम हलला नाही. मलप्पानं तिच्या हातातून रायफल काढून घेतली म्हणून काच वाचली.

पुढं गाव उठून दोन मैलांवर नव्या जागी गेलं, सरकारी आखणीच्या सरळ गल्ल्या आणि पत्र्याची घरं. जुन्या गावठाणावर वेडी बाभूळ माजली. पडक्या भिंतींच्या आडोशाला रानडुकरांनी बस्तान बसवलं आणि कळपच्या कळप सोयाबीन, भुईमूग उकरू लागले. वनखात्याचा परवाना निघाला की मलप्पा ती रायफल घेऊन बसायचा. वर्षाकाठी दोन-चार डुकरं पाडायचा, गोळी वाया जाऊ देत नसे. या काळात हैदराबादचे, पुण्याचे हौशी लोक त्या दुर्बिणीचा माग काढत दानम्माच्या दारात यायचे. नवीन, फिरत्या काचांच्या दुर्बिणी वापरून कंटाळलेले. असली आता बनत नाही, म्हणायचे, हातात घेऊन बघायचे, डोळ्याला लावून गप्प व्हायचे. दानम्मा त्यांना चहा द्यायची आणि वाटेला लावायची.

तर त्या दुर्बिणीला आता एक क्लासवाला नावं ठेवत होता.

दुसऱ्याच दिवशी तिनं औशाची बस धरली. मलप्पा नव्या गावातल्या घरापुढं दोरी वळत बसला होता. तिला बघून तो उठला नाही. हेच तिला पहिल्यांदा खटकलं.

त्या सकाळी काय झालं ते त्यानं सांगितलं, पण त्याला खोदून विचारावं लागलं. आलोक सरांनी जुन्या गावठाणाला लागून तीस एकर घेतलं होतं, त्यांनाही परवाना मिळाला होता. दोघं जुन्या शाळेच्या तडकलेल्या स्लॅबवर शेजारी शेजारी झोपून होते. उजाडायला आलं होतं, पण अंधुक होतं, ओढ्यावर धुकं होतं. बाभळीतून कळप निघाला. सरांनी दुर्बिणीचं चित्र लहान-मोठं करणारं कडं फिरवलं. बारावर अंधार दिसतोय, खाली घेतो, असं पुटपुटले. कडं खाली घेतल्यावर उजेड जास्त दिसतो, हे मलप्पालाही त्यांनीच आधी समजावलं होतं. मग त्यांनी ठिपके मोजले आणि मोठ्यानं म्हणाले, अडीच, म्हणजे तीनशे मीटर. अंतराप्रमाणे नेम वर-खाली करणारी वरची चकती फिरवून तीनवर, म्हणजे तीनशे मीटरवर, आणली.

“मला पाच ठिपके दिसायले होते,” मलप्पा म्हणाला. “मी म्हणलं, सर, दीडशेच हाय. तर म्हणले, मामा, गणित मला शिकवू नका.”

दोन गोळ्या जवळजवळ एकदमच सुटल्या. एक डुक्कर जागेवर बसलं. आणि धुक्याच्या पलीकडून, बांधावरून, बैलाचा हंबरडा आला. गुरम्मानं बैल पहाटेच तिथं खुंटाला बांधला होता, ते दोघांनाही दिसलं नव्हतं.

दानम्मा मनातल्या मनात हिशेब करू लागली. पाच आणि अडीच. नेमके निम्मे. बारावरून कडं सहावर आणलं असणार. तिनं या फिरत्या दुर्बिणी दुकानात पाहिल्या होत्या, संगप्पानं त्यातली खोट तिला उघडून दाखवली होती. कडं फिरवलं की चित्र लहान होतं, ठिपके मात्र आहेत तेवढेच राहतात. त्यामुळं ठिपक्यांचं माप फक्त एकाच पटीवर, सगळ्यात वरच्या बारावर, खरं. सहावर मोजलं तर दीडशे मीटरवरचं डुक्कर तीनशेवर असल्यासारखं भरतं. आणि तीनशेचा नेम धरून दीडशेवर गोळी झाडली की ती डुकराच्या पाठीवरून हातभर वर जाते. मागं बांध. बांधावर बैल.

लेन्सची सूत्रं फळ्यावर लिहून जिल्ह्याला शिकवणारा माणूस स्वतःच्या डोळ्यापुढच्या लेन्सनं फसला होता. वेळ वाचवायच्या नादात. क्लासमध्ये तो तेच विकत होता, तीस सेकंदांत उत्तर. त्याचे वडील माधवराव जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे, पायरी गाळलेल्या पोराला वही परत द्यायचे, उत्तर बरोबर असलं तरी. संगप्पाचे मित्र होते. हा त्यांच्या पोटी निपजला.

“म्हणजे डुक्कर तुझं,” ती म्हणाली. “आणि बैल त्याचा.”

मलप्पा दोरी वळत राहिला.

“मग पेपरात उलटं कसं आलं?”

“मी लिहून दिलं, आक्का. म्हातारपणी नेम चुकला म्हणून. अंगठा न्हाई, सही केली.”

का, ते त्यानं सांगितलं नसतं. ते घरातून बाहेर आलं. त्याची नात वर्षाराणी, अकरावीची, खांद्यावर आलोक सरांच्या क्लासची निळी पिशवी घेऊन बसला निघाली होती. दोन महिन्यांपूर्वी त्या पोरीला क्लासमध्ये जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. बैल मेला त्या दिवशी दुपारी सरांचा माणूस येऊन पिशवी देऊन गेला.

दानम्माचा आवाज चढला नाही. चढला असता तर मलप्पाला सोपं गेलं असतं. तिनं त्याला एवढंच सांगितलं की सही करून तू स्वतःला विकलंस ते तुझं तू बघ, पण त्याच सहीनं माझ्या नवऱ्यालाही विकलंस. लायसन जाईल, रायफल जाईल, तुझं नाव गुन्ह्यात जाईल आणि लोक म्हणतील, संगप्पानं पांगळी दुर्बीण गावाच्या गळ्यात बांधली होती. नात लांब जाईपर्यंत मलप्पा रस्त्याकडं बघत होता, मग म्हणाला, ती डॉक्टर होईल आक्का. सोमवारी येऊ नका.

सोमवारी ती आली.

जुन्या शाळेपाशी पन्नासेक माणसं जमली होती. पोलिसांनी दोन रायफली कापडात शिवून, लाखेचे शिक्के मारून आणल्या होत्या. वनक्षेत्रपाल होत्या विनीता मॅडम, पस्तिशीच्या आतल्या, अंगापेक्षा मोठा खाकी शर्ट. आलोक सर गाडीतून उतरले तसं मॅडमच्या तोंडून आपसूक “गुड मॉर्निंग सर” निघालं. बारा वर्षांपूर्वी त्या त्यांच्याच क्लासला होत्या. जमादारानं सरांसाठी खुर्ची आणली, त्याची मुलगी यंदा त्यांच्याकडं होती. दानम्माकडं कुणी बघितलं नाही. ती स्लॅबच्या कडेला बसली आणि तिच्या मनात आलं की या जिल्ह्यात आता उभं राहायला जागा शोधायची तर आधी ह्या माणसाची विद्यार्थी व्हावं लागेल.

मॅडमनी मलप्पाचा लेखी जबाब वाचून दाखवला. सरांनी त्यावर दोन शब्द जोडले. मामांचा दोष नाही, वय झालंय. दोष त्या वस्तूचा आहे. तीस वर्षांची काच, भूकंपात दबलेली, अशा वस्तू वापरायला परवानगीच नको. ते फळ्यापुढं उभं राहिल्यासारखे बोलत होते, स्पष्ट, हसऱ्या चेहऱ्यानं, आणि माणसं मान डोलवत होती.

दानम्मा उठली. आपलं नाव, लायसनचा नंबर तिनं सांगितला आणि म्हणाली की मला दोनच गोष्टी मागायच्यात. इथून डुक्कर पडलं तिथपर्यंत टेप लावा. मग सरांच्या रायफलीचं कापड उघडा.

जमादार हसला. आजी, टेप कशाला, म्हणाला. मॅडम मात्र थांबल्या. डुक्कर पडल्याच्या जागी पोलिसांनी त्याच दिवशी चुन्याची खूण केली होती. टेप लावायला दोन गडी लागले. स्लॅबच्या कडेपासून खुणेपर्यंत एकशे बावन्न मीटर भरले.

“सरांनी तीनशे सांगितलं होतं,” दानम्मा म्हणाली. “पेपरातबी तेच हाय.”

“अंदाज होता, आजी,” सर म्हणाले. “धुक्यात अंतर जास्त वाटतं.”

“अंदाज न्हाई. ठिपके मोजले तुम्ही. अडीच भरले.”

सरांनी मलप्पाकडं पाहिलं. मलप्पा जमिनीकडं बघत होता. मग सर दानम्माकडं वळले आणि पोराला समजवावं तसं म्हणाले की आजी, हा तांत्रिक विषय आहे, प्रकाशशास्त्र आहे, आपण घरी जाऊन आराम करा, ऊन वाढतंय.

दानम्माला हे शेवटचं वाक्य फार वर्षं पुरणार होतं. त्या वेळी तिच्या हातात काही असतं तर तिनं फेकून मारलं असतं. तिनं पदर खोचला आणि मॅडमना म्हणाली, “पोरी, कापड उघड. कड्यावर आकडा कोणता हाय ते वाच. आणि वरच्या चकतीवर कोणता हाय ते वाच. तांत्रिक हाय तर मशीनच बोलू दे.”

लाख फोडली गेली. रायफल त्या सकाळी ताब्यात घेतली तशीच शिवलेली होती, दुर्बिणीला कुणाचा हात लागलेला नव्हता. मॅडमनी वाकून वाचलं. कडं सहावर होतं. वरची चकती तीनवर. पाहणीच्या कागदावर त्यांनी दोन्ही आकडे लिहिले, मग त्यांचा हात थांबला. त्यांनी कडं बारावर फिरवून दुर्बीण डोळ्याला लावली, खुणेपाशी रोवलेल्या पाऊण मीटरच्या फळीकडं बघितलं, पुन्हा सहावर आणून बघितलं. कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला. पुन्हा केला. सगळ्या पायऱ्या लिहून.

“सर,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बारीक झाला, “ठिपके बारावरच खरे असतात ना?”

आलोक सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दानम्मानं नीट बघितलं. ते कळणं होतं. माणसाला त्या क्षणापर्यंत खरंच माहीत नव्हतं. चार दिवस तो आपण डुक्कर मारलं असं मनापासून मानत आला होता, पिशवीही त्यानं वाद लवकर मिटावा म्हणूनच पाठवली होती. हे बघून तिचा राग कमी व्हायला हवा होता, पण उलट वाढला, कारण तो चेहरा फार वेळ तसा राहिला नाही. पाच-सात क्षणांत त्यांनी तो पुन्हा सारखा केला.

“कडं गाडीत हलू शकतं,” ते म्हणाले. “आणि मामांनी स्वतः कबूल केलंय. मामा, सही तुमचीच आहे ना?”

सगळे मलप्पाकडं बघू लागले. त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. दानम्माला कळलं की आकडे कागदावर आले तरी तो जबाब तसाच राहिला तर मॅडम दोन्ही बाजू लिहून मोकळ्या होतील. या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर सगळं येऊन अडलं होतं, आणि तो शब्द काढायची ताकद तिच्यात नव्हती. होती तेवढी तिनं त्याच्या दारात वापरून टाकली होती.

बोलली गुरम्मा. इतका वेळ ती बांधावर बैलाच्या रिकाम्या खुंटापाशी बसली होती. तिथून उठून ती मलप्पापुढं येऊन उभी राहिली.

“मलप्पा, दोन सालं तुझी पेरणी त्याच बैलावर झाली. तूच मारला असशील तर मारला म्हण. मी शिवी देईन आन घरी जाईन. पण तू न्हाई मारला आन मारला म्हणायलास, तर मला कुणाला शिवी द्यायची तेबी कळंना.”

मलप्पाच्या हातातला पटका खाली पडला. तो उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच बोलला.

“डुक्कर माझं हाय. पाच ठिपके होते. मी बैल न्हाई मारला.”

मॅडमनी त्याचा नवा जबाब तिथंच घेतला. सर गाडीत बसले तेव्हा त्यांनी मलप्पाला काही धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. काच खाली करून एवढंच म्हणाले की मामा, क्लासची पिशवी उद्या ऑफिसात जमा करायला सांगा. गुरम्माच्या बैलाची भरपाई पुढं त्यांनाच द्यावी लागली, वनखात्यानं त्यांचा परवानाही काढून घेतला. पेपरात यातलं काही आलं नाही. त्या आठवड्यात त्याच पानावर त्यांच्या नव्या वसतिगृहाची जाहिरात होती.

पंधरा दिवसांनी त्यांचा माणूस दानम्माकडं आला. सर म्हणतात ती जुनी दुर्बीण द्याल का, सरांना आता तसलीच, न फिरणारी हवी आहे. मागाल ते देतील. दानम्मानं त्याला चहाही विचारला नाही. दार लावून घेतलं. माणसाचं नाव मातीत घालायला निघाला होता, आणि चूक कळल्यावर याला पहिलं काय सुचलं तर, खरेदी.

रायफल परत मिळाली ती दसऱ्यानंतर. मलप्पा ती पोलिसांकडून सोडवून घेऊन लातूरला आला. दानम्माला वाटलं होतं तो बसेल, जुन्या गोष्टी निघतील. तिनं भाकरी टाकायला घेतली. त्यानं रायफल कोपऱ्यात उभी केली आणि दारातच उभा राहिला. वर्षाराणीचं काय, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, क्लास सुटला, आता नांदेडला मामाकडं ठेवलीय, तिथं बघू. दानम्मा पटकन म्हणाली की नांदेडला माझा भाऊ आहे, मी फी भरते, तिथल्या चांगल्या क्लासला घालू.

“नको आक्का.”

“का नको? तुझं नाव साफ झालं. माझ्यामुळं पोरीचं वर्ष गेलं, मला भरू दे.”

मलप्पानं तिच्याकडं सरळ बघितलं. वीस वर्षांत त्यानं तसं बघितलं नव्हतं.

“तुम्ही माझ्या नावासाठी न्हाई आल्ता,” तो म्हणाला. “त्या काचंसाठी आल्ता. मी सही केली हे तुम्हाला लागलं न्हाई. काचंला नाव ठेवलं, ते लागलं. मी मालकाला ढिगातनं काढला तवा काच खाली होती आन माणूस वर होता. तुम्ही आजून काचच बघायलाव.”

दानम्माच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. चुलीवरचा तवा तापून त्यातून धूर निघायला लागला.

“आन लायसनवरून माझं नाव काढा,” मलप्पा म्हणाला. “तेवढं करा.” तो गेला. गल्लीतून जाताना शेजारच्या वसतिगृहातली पोरं त्याला वाट देत नव्हती, त्यालाच भिंतीला अंग चोरून जावं लागलं, हे तिनं खिडकीतून बघितलं आणि तिला त्या पोरांचा, स्वतःचा, मलप्पाचा, सगळ्यांचा एकदम राग आला.

दोन दिवस ती त्याच्याशी मनातल्या मनात भांडली. काचेसाठी कशी गेली, त्याच्यासाठीच गेली, गेली नसती तर आज तो गुन्हेगार असता. मुद्दे बिनतोड होते. तरी प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी तो तसाच दारात उभा दिसायचा. तिसऱ्या दिवशी तिनं अर्ज लिहिला. जिल्हाधिकारी कार्यालयात बंदूक परवान्याच्या टेबलावर चष्मा लावलेला एक तरुण कारकून होता. त्यानं अर्ज वाचला, राखणदार म्हणून मलप्पाचं नाव कमी करायची नोंद केली आणि विचारलं की त्या जागी कुणाचं नाव घालायचं.

दानम्मा म्हणाली, कुणाचंच नाही.

“मग रायफल वापरणार कोण, आजी? वापर नसेल तर जमा करावी लागेल.”

आजी हा शब्द त्यानंही आलोक सरांसारख्याच गोड आवाजात उच्चारला होता. दानम्मानं टेबलावरचं त्याचं पेन उचललं, अर्जावर आपल्या नावापुढं रेघ मारली आणि लिहिलं, ‘परवानाधारक स्वतः.’

“करंजवाडीला सहाची बस जाते,” ती म्हणाली. “मला शिक्का मारून दे. लवकर दे.”